क्लोईच्या केसांना बसेल असा व्हेल

इव्हाने लेकीसाठी पार्लरची वेळ घेऊनही टाकली. रविवारी चर्चमध्ये क्लोईचं पहिलं कम्युनियन, आणि घानाच्या बापाकडून आलेल्या तिच्या घट्ट कुरळ्या, दाट केसांवर पांढऱ्या जाळीचा व्हेल, डोक्यावरून सोडायची ती ओढणी, काही बसेना.

"मम्मी, फक्त स्ट्रेट करायचेत. फोटो वसईला जाणार, लोक तोंडं वाकडी करतील," इव्हा आईला म्हणाली.

"मग त्यांनाच पाठव पार्लरला, तोंडं सरळ करायला," रेमेतीन म्हणाली.

चौथी शिकलेल्या रेमेतीनने हे केस चुकतमाकतच ओळखले होते. लेकीकडे सिडनीला आली तेव्हा तिने गावच्या सवयीने सुक्या केसांत बारीक फणी घातली आणि घट्ट वेणी ओढली. फणीचे दात मोडले, पोर रडून लाल झाली, कपाळावरचे केस गेले. मग तिने घानाच्या विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि मुकाट्याने शिकून घेतलं.

आज तिने क्लोईला बॅकयार्डात बसवलं. केस ओले करून कंडिशनर चोळला, रुंद दातांच्या फणीने टोकांकडून गुंता सोडवत वर गेली. एकेक बट पिळून फक्त दुभंगलेली टोकं छाटली.

"आजी, माझे केस टू बिग आहेत?"

"व्हेल लहान आहे, बाय."

तिने तीच कात्री व्हेलला लावली. त्याचा डोक्यावर बसणारा अरुंद पट्टा कापून टाकला, जाळी मोठ्या पट्ट्यावर टाचली आणि फुललेल्या केसांवर ऐटीत बसवली.

इव्हाने फोन हातात घेतला. "पार्लरला काय सांगू?"

"येत नाही म्हणून सांग. आणि रविवारी फोटो काढताना जरा मागे सरक. सगळे केस आले पाहिजेत."