फल्ली नको

मित्रांनो, मी एक जुना दगडी खलबत्ता आहे. खरोखरचा जुना, दुकानात मुद्दाम काळवंडून ठेवतात तसला नव्हे. मला तोंड आहे, चांगलं वीतभर रुंद, पण बोलता येत नाही. इतकी वर्षं त्याचं मला काही वाटलं नाही. मिरची, मिरे, लसूण सगळं निमूट कुटून घेतलं आणि गप्प बसलो. पण एका संध्याकाळी मला बोलायचं होतं, अगदी जिवाच्या आकांताने बोलायचं होतं. ती संध्याकाळ तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पारशिवनीकडच्या एका पाथरवटाने मला घडवलं आणि उमरेडच्या बाजारात भागीरथाबाईंनी मला विकत घेतलं. त्यांचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत माग खटखट करायचा, मागच्या खोलीत मी ठकठक करायचो. साओजी मसाल्याची खसखस, जवस, सुकं खोबरं सगळं माझ्या पोटातून जायचं. आणि फल्ली तर रोजच. पुण्या-साताऱ्याकडच्या मित्रांनो, तुम्ही ज्याला शेंगदाणे म्हणता, त्याला आमच्या विदर्भात फल्ली म्हणतात. फल्लीचा कूट, फल्लीची चटणी, फल्लीचं तेल. आमच्या घरात दुसरा शब्दच नव्हता.

पुढे माग बंद पडला आणि घरात मिक्सर आला. काय त्याचा तोरा! दोन मिनिटं घरघरायचं आणि सगळी वाहवा घ्यायची. मला बाजेखाली सरकवण्यात आलं आणि कुणीतरी माझ्यात खिळे ठेवले. हो, खिळे. ज्या पोटात वेलची कुटली, त्या पोटात गंजके खिळे. फार जिव्हारी लागलं मला ते.

तिथून मला बाहेर काढलं काजलने. ही भागीरथाबाईंची मुलगी. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात ती थाई स्वयंपाक शिकली आणि नागपुरात परत येऊन प्रतापनगरच्या रस्त्यावर तिने स्वतःचं थाई हॉटेल काढलं. नातेवाइकांनी भरपूर टर उडवली. साओजीच्या घरची पोर आता गवती चहाचं कालवण विकणार म्हणे! काजलने मनावर घेतलं नाही. उमरेडहून मला घासूनपुसून आणलं आणि उघड्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मानाने बसवलं. गिऱ्हाइकं जेवता जेवता माझ्याकडे बघायची, फोटो काढायची. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

काजलची सगळ्यात नाव मिळवलेली वस्तू म्हणजे नूडल्सवरचा सॉस. चिंच, गूळ, लाल मिरची आणि माझ्यात अगदी लोण्यासारखी बारीक कुटलेली फल्ली. इतकी बारीक, की डोळ्यांना दिसायची नाही. गवती चहा आणि लसणाच्या घमघमाटात तिचा वासही यायचा नाही.

पण काजलचं एक खूळ होतं. हॉटेलात उमरेडचा एक शब्द चालायचा नाही. फल्ली म्हणायचं नाही, पीनट म्हणायचं. लसणाला गार्लिक. घरी मले-तुले करणारी ही बाई हॉटेलात पाऊल टाकलं की अगदी छापील बोलायची. हात तिच्या मायसारखाच चालायचा, फक्त जीभ तेवढी बदललेली. तिचा धाकटा भाऊ अंकुर तिच्या हाताखाली स्वयंपाक करायचा. तो चुकून फल्ली म्हणाला, तर डोळे वटारायची. लोक आपल्याला गावंढळ म्हणतील, ही धास्ती तिच्या मनात घर करून बसली होती.

त्यात एक नवा वेटर आला, मार्तंड. मूळचा साताऱ्याचा. माणूस कामाला चोख आणि बोलायला गोड. आता फल्ली म्हणजे शेंगदाणे हे त्याला कोण सांगणार? ओट्यावर तर सगळे पीनटच म्हणत. मागच्या दाराशी येणारा भाजीवाला मात्र रोज ओरडायचा, गवारफल्ली घ्या, बीन्सफल्ली घ्या. मार्तंडने ते ऐकलं आणि फल्ली म्हणजे बीन्स अशी मनाशी पक्की गाठ मारली.

आता ती संध्याकाळ. माझ्या समोरच्याच टेबलावर भीमाबाई नावाच्या आजी त्यांच्या नातीला घेऊन बसल्या. नात प्रीती, पाच-सहा वर्षांची. तिचा वाढदिवस होता. तिची आई मेघा हिंगण्याच्या कंपनीत कामाला. ती पाळी सुटली की कंपनीच्या बसने थेट इकडेच येणार होती. आजी पांढऱ्याशुभ्र लुगड्यात अगदी ताठ बसल्या होत्या. अशा काचेच्या हॉटेलात त्या पहिल्यांदाच आल्या असाव्यात, कारण चमचेसुद्धा त्यांनी जरा लांबच सरकवून ठेवले. मेघाचा फोन आला. आजी म्हणाल्या, हो, सांगतो, आधी तेच सांगतो.

आणि त्यांनी सांगितलं. मार्तंड पाणी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याचं मनगटच धरलं.

"हे पाय बापू, माह्या पोट्टीले फल्ली चालत नाही. एक कण बी नको. जिवावर बेतते तिच्या."

"काळजी करू नका आजी," मार्तंड म्हणाला, "फल्ली अजिबात टाकणार नाही."

मला केवढं बरं वाटलं! लगेच मार्तंड ओट्याशी आला आणि माझ्या कानाशीच काजलला म्हणाला, "ताई, समोरच्या टेबलाला नूडल्स. त्यात बीन्स नको. लहान मुलगी आहे, तिला चालत नाहीत."

माझ्या काळजात धस्स झालं.

काजल हसली. लहान मुलांना बीन्स कधी आवडतात का, म्हणाली. तिने बीन्सची वाटी बाजूला केली, कढई तापवली आणि गाजर, कोबी, नूडल्स परतायला घेतले. मग तिचा हात सॉसकडे गेला. त्या सॉसमधली फल्ली त्याच दिवशी माझ्यात कुटली होती. अगं बाई, थांब, मी आतल्या आत ओरडत होतो. ती आजी फल्ली म्हणाली गं, तुझ्या मायची फल्ली! सॉस पडला, चर्र झालं आणि सगळं हॉटेल दरवळलं. शेजारच्या टेबलावरचे लोक माना वळवून बघू लागले. मार्तंडने ताटली उचलली आणि माझ्या अंगावरून पुढे निघून गेला.

आजींनी ताटली नीट निरखली. चमच्याने वरखाली करून बघितलं. हुंगलं. बिचाऱ्या! त्यात दिसण्यासारखं काही नव्हतंच. मग त्या प्रीतीला म्हणाल्या, की माय येईपर्यंत थांबू. शाबास, म्हटलं मी मनात. येऊ दे मेघाला, ती नक्की पुन्हा विचारेल. प्रीती थांबली. काट्याला नूडल्स गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. दार उघडलं की माझा जीव वर यायचा. आत यायचं ते भलतंच कुणीतरी. मेघाची बस कुठे अडकली होती कोण जाणे.

"आजी, थंडं होऊन राहिलं," प्रीती काकुळतीला येऊन म्हणाली.

आजींचं मन विरघळलं. वाढदिवसाचं लेकरू, किती वेळ ताटकळत ठेवायचं? "घे, एक घास घे," त्या म्हणाल्या.

नेमकं त्याच वेळी ओट्यावर सॉस संपला होता. ऑर्डरी तुंबलेल्या, काजल घामाघूम. त्या घाईत तिची छापील जीभ सुटली आणि ती भावाला म्हणाली, "अंकुर, फल्ली भाज गा लवकर!"

अंकुरने डबा उघडला आणि मूठभर दाणे तव्यावर टाकले. समोर ताटल्यांची वाट बघत मार्तंड उभा होता. तो त्या दाण्यांकडे बघतच राहिला.

"ताई," तो म्हणाला, "ह्याला फल्ली म्हणतात?"

"हो. काहून?"

"मग त्या आजी... त्या बीन्स नाही म्हणाल्या. त्या फल्ली म्हणाल्या होत्या."

काजलच्या हातातला झारा खाली पडला. ती ओट्याला वळसा घालून अशी धावली, की एक खुर्ची आडवी झाली. तिने प्रीतीच्या पुढची ताटली हिसकावून घेतली. पण तो एक घास पोटात गेला होता. प्रीती ओठ चोळत होती, तोंडात खाजवून राहिलं म्हणत होती. बघता बघता तिचे ओठ सुजले, गालावर लाल गांधी उठल्या आणि श्वास घेताना घरघर लागली. आजींनी पिशवीतलं औषध काढून तिला पाजलं. काजल तशीच, एप्रनसकट, गाडी काढायला पळाली आणि मार्तंडने मुलीला उचललं.

दारातच मेघा भेटली. तिने लेकीच्या सुजलेल्या तोंडावरून हात फिरवला. तिने सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "एकच गोष्ट सांगाची होती तुमाले, आई. एकच."

भीमाबाईंची मान खाली गेली. मित्रांनो, माझ्यावर बत्त्याचे हजारो घाव पडले आहेत, पण त्या खाली गेलेल्या मानेसारखं काही मला लागलं नाही. इतक्यात काजल गाडीतून खाली उतरली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ताई, त्यायनं सांगतलं. आल्या आल्या सांगतलं, अन् बरोबर सांगतलं. मी माहीच बोली इथं येऊ देली नाही, म्हणून झालं हे. त्यायले बोल लावू नका."

गिऱ्हाइकांसमोर तिच्या तोंडून उमरेडची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. गाडी गेली. तव्यावरची फल्ली करपून गेली, तरी ती खाली उतरवायचं अंकुरला सुचलं नाही. कुणी जेवलं नाही, कुणी पैसे द्यायलाही उठलं नाही. आम्ही सगळे फोनची वाट बघत होतो. माझ्या मते कोपऱ्यातला हॉटेलचा मिक्सरसुद्धा.

फोन आला, तेव्हा अंकुर खाली मांडी घालून बसला आणि रडला. प्रीती वाचली होती. दवाखान्यात तिला वेळेवर इंजेक्शन मिळालं होतं. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर काजलने फल्लीचे डबे बाहेर काढले आणि सॉस तिळावर करायला घेतला. चव उतरली, असं तोंडावर सांगणारे भेटले. तिने ऐकून घेतलं. काही दिवसांनी मेघाचा फोन आला, की प्रीतीने तिथेच जायचा हट्ट धरला आहे, तिचे नूडल्स राहिलेत म्हणे. पण आजी तयार नव्हत्या. मेघाने त्यांची माफी मागितली होती, तरी पोट्टीला जेवायला न्यायची जबाबदारी पुन्हा अंगावर घ्यायची त्यांची छाती होत नव्हती. शेवटी, कुटायचा खल नवा घेणार असाल तर येतो, अशी काहीशी आजींची अट मेघाने सांगितली असावी, कारण फोन ठेवल्यावर काजल कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

तिने मला कढत पाण्याने धुतलं, मिठाने घासलं, पुन्हा धुतलं. मग माझ्यात नाक खुपसून वास घेतला. मला आधीच ठाऊक होतं. दगड दिसतो टणक, पण तो पितो. इतक्या वर्षांची फल्ली माझ्या रंध्रारंध्रात मुरलेली, ती कुठे जाणार? काजलने दोन्ही हातांनी मला उचललं, छातीशी धरलं आणि हॉटेलाबाहेर, दाराच्या कडेला नेऊन ठेवलं. तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं का? वाटलं. ज्या ओट्यावर मान मिळाला, तो सुटला होता. पण मला आत ठेवलं असतं, तर मी त्या लेकराकडे कुठल्या तोंडाने बघितलं असतं?

त्यानंतरच्या रविवारी तिघी आल्या. दारातच भीमाबाई थांबल्या. मार्तंड सामोरा गेला. त्यांनी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आजी, फल्ली नाही. शेंगदाणा नाही, पीनट नाही, कूट नाही आणि तेलही नाही. तुम्ही आत येऊन स्वतः बघा."

भीमाबाई आत गेल्या. दार लागलं. भिंतीआडून मला ना आतलं दिसत होतं, ना ऐकू येत होतं. त्या लांबत चाललेल्या वेळात मी काय काय मनात आणलं, ते विचारू नका. एखादा थेंब राहिला असला तर? एखादा चमचा चुकला असला तर? गाड्या येत होत्या, जात होत्या आणि मी दाराकडे टक लावून होतो.

दार उघडलं आणि प्रीती उड्या मारत बाहेर आली. तोंडाला सॉस लागलेला, ओठ अगदी जसेच्या तसे. मला पाहून ती थांबली आणि हात पुढे करून माझ्याकडे झेपावली. भीमाबाईंनी झटकन तिला मागे ओढलं.

"त्याले हात नोको लावू, बाई. तो फल्लीचा खल हाय."

मित्रांनो, एवढ्या आयुष्यात मला हात लावू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. आम्हां भांड्यांना दुसरं काय हवं असतं, माणसाचा हातच ना? पण ते ऐकून मला जितकं बरं वाटलं, तितकं कुणी फोटो काढतानाही वाटलं नव्हतं. भीमाबाईंची मान ताठ होती. या वेळी त्यांचा शब्द सगळ्यांना कळला होता.

म्हणून एवढंच मागतो. कुणी म्हणालं, मला हे चालत नाही, तर हसू नका, नाक मुरडू नका. त्यांचा शब्द कळला नाही, तर लाजू नका, तो पदार्थच समोर धरून "हेच ना?" असं विचारा. आणि मला पाहून कुणाला माझी कीव आली, तर मला उचलून आत नेऊ नका. प्रीती पुढच्या रविवारीही जेवायला येणार आहे.