कामी-नाशिदाचा नकाशा

“पुन्हा तेच स्टेशन?” सुटकेस बंद करता करता दुर्गा म्हणाली. “अहो, बड़ा गणपतीच्या देवळाच्या आगे तुम्ही कधी अकेले गेला नाहीत, आणि मला जपान समजावता?”

बरोबरच होतं तिचं. चाळीस वर्षं मी वाचनालयात पुस्तकं लावली. माझा प्रवास तेवढाच. आता डॉक्टरांनी मला विमान मना केलं, म्हणून आमच्या सुरभीच्या बाळंतपणाला दुर्गा एकटीच निघाली होती. मला काय जमणार? मी सुरभीच्या गावचं स्टेशन वाचून काढलं. कामी-नाशिदा. शंभर वर्षांपूर्वी लाकूड वाहण्यासाठी उघडलेलं. समोरासमोर दोन फलाट, रूळ ओलांडायची वाट, एक छोटं प्रतीक्षालय. आता तिथे कर्मचारी नाहीत. कुणा हौशी माणसाने हे सगळं इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं. मोबाईलने त्याचं जे हिंदी केलं, त्यावरून मी नकाशा काढला.

“एवढंच ऐक,” मी म्हटलं. “तिथे फक्त पहिल्या डब्याचा पुढचा दरवाजा उघडतो. तू महूच्या गाडीत नेहमी शेवटच्या डब्यात बसायचीस.”

“हाँ हाँ, ठेवा पर्समध्ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जावयाचा, अश्विनचा फोन आला.

“बाबा, सुरभीला अचानक ॲडमिट केलंय. एअरपोर्टवर दोस्ताला भेजलं मी. त्याने आईंना गाडीत बसवलंय, लास्ट कोचमध्ये. स्टेशनवर शेजारच्या आजी येतील. पण आई बरोबर उतरतील ना?”

दुर्गाचा फोन तिथे चालत नव्हता. मी नकाशाची कच्ची प्रत उघडून बसलो. पुढचा दरवाजा की मागचा? मी उलटंच वाचलं असेल तर? त्या दोन तासांत मी कामी-नाशिदाला कितीदा तरी पोचलो, आणि दर वेळी दरवाजा बंदच राहिला.

अकराला अश्विनच्या नंबरवरून दुर्गाच बोलली.

“अहो, नात झाली! नाक तुमचं आहे बिचारीचं.”

“आणि स्टेशन?”

“अरे हाँ! मी मागेच बसले होते. चष्मा शोधताना तुमचा कागद हाती लागला. मग चलत्या गाडीत बॅग ओढत पुढे गेले. तिथलाच दरवाजा खुलला! ड्रायव्हरने मला टोपी काढून नमस्कार केला, तुम्ही तरी कधी केलात का?” मग ती म्हणाली, “पण तुमचा दुसरा फलाट तर तिथे नाहीच. सगळी घास उगवलीय.”

म्हणजे चुकलोच होतो.

“त्या आजी आहेत ना, त्या कागद बघून बाकावर बसल्याच. त्या दुसऱ्या फलाटावर बोट ठेवून त्या घासकडेच बघत बसल्या, हटेचनात. मग हात जोडून कागद मागितला. देऊन टाकला मी. गलत केलं का?”

“नाही,” मी म्हटलं.

आठवड्याने तिने फोटो पाठवला. प्रतीक्षालयाच्या भिंतीवर, वेळापत्रकाशेजारी माझा नकाशा. खाली माझ्या अक्षरात, तीनदा अधोरेखित केलेलं: पहिला डबा.

ज्याने इंटरनेटवर ते पान लिहिलं, त्याचं जपानी नाव मला वाचता येत नाही. मी चष्मा पुसला आणि कच्च्या प्रतीच्या कोपऱ्यात ते नाव, दिसतं तसं, एकेक रेघ बघत उतरवून घेतलं.