निवडणाऱ्या बायका

जपानातल्या चिकुहोतली कोळशाची मोठी खाण बंद पडली तेव्हा नोबुए सत्तेचाळीस वर्षांची होती. त्यातली बावीस वर्षं तिने खाणीच्या तोंडाशी, सरकत्या पट्ट्यावरच्या कोळशातले दगड वेचण्यात घातली होती. निम्मं गाव पोटापाण्यासाठी ओसाकाला निघून गेलं. नोबुएने मात्र गाव सोडायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं.

म्हणून टाइल्सचा नवा कारखाना आला तशी ती दहा जणींना घेऊन दारात हजर झाली. बेकारी पसरलेल्या मुलुखात आल्याबद्दल सरकारने कारखान्याला जमीन जवळजवळ फुकट दिली होती, वर यंत्रांसाठी मदत. अट एकच, निम्मे कामगार खाणीचे हवेत. पण सरकारी अटच ती, पळवाट असायचीच. खाणीची माणसं चाचणीत नापास झाली तर मालक बाहेरून कुणालाही आणायला मोकळा! आणि व्यवस्थापक कागावाला हव्या होत्या नुकत्याच शाळा सुटलेल्या, स्वस्तात राबणाऱ्या पोरी.

चाचणी बघायला रोजगार कचेरीचे इमामुरा साहेब आले होते.

"टाइल्स येतील, त्या निवडून पेटीत भरा," कागावा घाईघाईत म्हणाला. "उरतील त्या टोकाला साचतील. त्या फेकायच्या."

पट्टा सुरू झाला. अकरा जणींचे हात भराभर चालले. दहा मिनिटांनी कागावाने पेटीत डोकावून पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

"बघा साहेब! फुटका माल पेटीत, चांगला माल फेकायला! लिहा नापास. अकराच्या अकरा."

नोबुएचे कान तापले. वाईट ते उचलायचं, चांगलं ते पुढे जाऊ द्यायचं, हे हातांना इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगितलेलं डोक्यात शिरायच्या आत ते कामाला लागले होते.

"चल गं, नोबुए," शेजारची हात्सुयो पुटपुटली. "शोभा झाली तेवढी पुरे."

"गप उभी राहा. साहेब, लिहू नका! आधी पेटी तपासा. एक जरी धड टाइल निघाली तरी आम्ही आल्या पावली परत जातो."

इमामुरा साहेब उकिडवे बसले. बराच वेळ शोधून त्यांनी एक टाइल वर धरली. "ही तर चांगली दिसते."

नोबुएने तिच्यावर नखाने टिचकी मारली. आवाज बद्द आला. साहेबांनी टाइल उजेडात धरली, तेव्हा कुठे केसाएवढी चीर दिसली. टोकाला साचलेल्या ढिगात मात्र एकही फुटकी सापडली नाही.

"शंभरात वाईट पाच-सहाच असतात," नोबुए म्हणाली. "तुमच्या पोरी पंच्याण्णव उचलणार, आम्ही पाच. नुसत्या पेट्या बदला, चांगल्याची टोकाला, फुटक्याची आमच्यापुढे. आणि पट्टा जोरात सोडून बघा की!"

"सोडा," इमामुरा साहेब म्हणाले.

पट्टा दुप्पट वेगाने धावला. पेटीत पुन्हा फुटक्याच.

कागावाचं तोंड उतरलं. "बरं, ही बाई राहू दे. बाकीच्यांचं नंतर बघू."

"यातली कुठली कुणी उचलली, सांगता येईल तुम्हाला?" नोबुएने पेटी त्याच्यापुढे सरकवली. "नाही ना? मग सगळ्या घ्या, नाहीतर मीही नको."

हात्सुयोने तिची बाही ओढली. हाती आलेली नोकरी ही बाई घालवून बसणार, अशी तिला धास्ती होती. नोबुएही आतून घाबरली होती, पण तिने कागावावरची नजर हटवली नाही.

इमामुरा साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा बाई, एकेकीचं नाव सांगा."

नोबुएने आधी हात्सुयोचं सांगितलं, मग बाकीच्यांची, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं. साहेबांनी शिक्का उमटवल्यावरच ती कागावाकडे वळली.

"उद्या किती वाजता यायचं?"