अजून नाही

“मास्तर, तुमची तारीख तुमच्यापाशी ठेवा,” आई लॅपटॉपच्या पडद्याला सांगत होती. “माझं मशीन अजून नाही म्हणतंय.”

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होते. पलीकडून तारीखमास्तरांचा सुस्कारा ऐकू आला. हे नाव आईनेच ठेवलेलं. नवी आवृत्ती कधी बाहेर पडणार हे ठरवणं त्यांचं काम, आणि ती का पडू शकत नाही हे सांगणं आईचं. लोक वेबसाइट बांधतात त्यासाठी लागणारा सांगाडा आम्ही बनवतो आणि फुकट देतो, असं ती शेजाऱ्यांना समजावायची. देशोदेशीची पंधरा-वीस माणसं तो फावल्या वेळात सांभाळत. शेजाऱ्यांच्या लक्षात ‘फुकट’ एवढंच राही.

खिडकीपाशी दुसरा लॅपटॉप होता, घरातला सगळ्यात जुना. खालून वारा लागावा म्हणून तो भांडी निथळायच्या जाळीवर ठेवलेला. रोज सकाळी चहाच्या वेळी तो आपोआप कामाला लागायचा, तयार होत असलेली आवृत्ती चालवून वेग मोजायचा आणि आईच्या नावाने सगळ्यांना कळवायचा, ‘चालेल’ किंवा ‘अजून नाही’. ‘चालेल’ आल्याशिवाय आवृत्ती सोडायची नाही, हा नियम तिने भांडून करून घेतला होता. झाकण मिटलं की तो झोपायचा, म्हणून त्याचं झाकण मिटायची घरात कुणालाही परवानगी नव्हती.

“बाई, नव्या मशीनवर नुसतं पळतंय हो,” मास्तर म्हणाले.

“पळणाऱ्याचं कौतुक मला नका सांगू. ज्याला वेळ लागतो त्याच्याशेजारी जाऊन बसा जरा.”

मी मान वर केली नाही. मी लहानपणापासून अडखळत बोलते. शब्द ओठाशी येऊन अडतो आणि समोरचा माणूस, बहुतेकदा प्रेमाने, तो पुरा करून टाकतो. शाळेतल्या बाई करायच्या, बाबा करायचे, दुकानदार तर हमखास. आईने कधी केला नाही. ती हातातलं काम सावकाश करत राहायची आणि शब्द यायचा तेव्हा यायचा.

दुपारी तिने हाक मारली. “सापडलं गं. पानावर वीस चित्रं असली तर वीसच्या वीस एकदम मागवतोय मेला सांगाडा. खाली दडलेलीसुद्धा. खादाड कुठला.”

तिने दुरुस्ती लिहून पाठवली. आता दोघं-तिघं ती वाचतील, पटली की घेतील, मग आपलं मशीन ‘चालेल’ म्हणेल, असं सांगून ती चहा ढवळू लागली.

“आणि न... न...”

चमचा कपात फिरत राहिला.

“...नाही म्हणालं तर?”

“तर माझं चुकलं,” ती म्हणाली आणि कप माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर ती बाकावर बसली, ती उठलीच नाही.

सगळे विधी आटोपले, पाहुणे गेले आणि मी तिच्या घरात राहिले. तो उघडा लॅपटॉप मला बघवेना. झाकण मिटायचं नाही, हे मात्र अंगात भिनलेलं. शेवटी मी तिची शाल त्याच्यावर घातली, खाली जाळीपर्यंत नीट खोचली.

तरी रोज सकाळी पंखा घरघरायचाच. शाल पोटापाशी किंचित फुगायची, बसायची, पुन्हा फुगायची. खाली कुणी झोपलंय असं वाटायचं. मी चहाचा कप घेऊन दारातच उभी राहायचे. ते थांबलं की आत जायचे.

मग एके सकाळी पंखा नुकताच थांबला होता, तेवढ्यात तारीखमास्तरांचा फोन आला. त्यांनी आधी माझ्या जेवणाखाणाची चौकशी केली, मग कुणी कुणी आठवण काढली ते सांगितलं. मग मुद्द्यावर आले. त्या धक्क्यात पडून राहिलेली आईची दुरुस्ती त्यांनी गेल्या आठवड्यात घेतली होती. तरीही रोज सकाळी तिच्या नावाने ‘अजून नाही’ येत होतं. त्यांच्यातल्या एका मुलीने तर ते नाव बघवेना म्हणून सकाळचे निरोप उघडणंच सोडलं होतं. सगळं शोधून झालं, काही हाती लागेना. आता बैठकीत ठरलं होतं की तिचा शेवटचा बदल काढून टाकायचा, ते मशीन बंद करायचं आणि आवृत्ती सोडायची.

“बाईंचं शेवटचं काम चुकलं बहुतेक,” ते चाचरत म्हणाले. “आम्ही गाजावाजा नाही करणार, ताई. तुम्ही फक्त ते बंद...”

“ब... ब...”

“बंद करता ना? बरं होईल.”

मला ‘बघते’ म्हणायचं होतं.

फोन कानाशी तसाच धरून मी खिडकीपाशी गेले आणि शालीखाली हात घातला. तापाने फणफणलेल्या मुलाचं कपाळ लागावं तसं काहीतरी हाताला लागलं. शालीची चारही टोकं मी स्वतः जाळीखाली खोचली होती. वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती.

“मशीन तापलं तर ह... हळू चालतं का?”

मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “तापलंय का?”

मी शालीचं सांगितलं. ते हसले, आणि मग हसू थांबवायला त्यांना वेळ लागला. मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत काही काढू नका. ते म्हणाले, थांबतो.

सकाळी मी शाल घडी करून मांडीवर घेतली होती. नव्या लॅपटॉपवर सगळी बैठक जमली होती, निरनिराळ्या घरांतली, कुणाच्या मागे अंधार, कुणाच्या मागे ऊन. जुन्याचा पंखा फिरू लागला. त्याला नेहमीसारखाच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मग सगळ्यांच्या पडद्यावर आईचं नाव आलं, आणि त्यापुढे, ‘चालेल’.

निरोप उघडणं सोडलेली ती मुलगी डोळे पुसत होती. मास्तर म्हणाले, आवृत्ती आजच जाईल, दुरुस्तीवर बाईंचं नाव राहील. मग त्यांनी विचारलं, “ताई, काही बोलायचंय?”

माझ्यासमोर इतकी माणसं असली की मी नुसती मान हलवते. मी शालीवर हात ठेवला आणि खिडकीकडे, त्या उघड्या लॅपटॉपकडे वळले.

“आ... आ...”

मास्तरांचे ओठ हलले आणि मिटले. बाकी कुणीही तो शब्द पुरा केला नाही.

“आई, तू थ... थांबायचीस. म्हणून मला बोलता आलं.”