मी पुसलेला हात

माझ्या पाठीला मधोमध तडा गेला आहे आणि डावं बटण चिकटपट्टीनं बांधलेलं आहे. तरीही मला कुणी टाकून दिलेलं नाही, मित्रांनो. मी संगणकाचा माउस. ढाक्याच्या मीरपूर भागात माझं आयुष्य गेलं, आणि माझ्या हातून जे घडलं ते सांगताना मला थोडी लाजच वाटते.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवतं ते खोकं उघडल्यावर दिसलेलं माहफुजाआपाचं तोंड. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, बावीस संगणक, बावीस माणसं आणि काम सगळ्यांचं एकच. दुकानदारांनी पाठवलेल्या फोटोंतला माल तेवढा ठेवायचा आणि मागचं सगळं काढून टाकायचं. बूट असो, किटली असो, वस्तूच्या कडेकडेनं क्लिक करत जायचं, बिंदूला बिंदू जोडायचा, रेघ जिथून निघाली तिथेच आणून मिटवायची. मग एक बटण दाबलं की मागची भिंत, चूल, माणसं, सगळं छाटलं जायचं. उरायचं नुसतं पांढरं. दिवसभर मी कापत होतो. कसायाच्या सुरीनंही एवढं कापलं नसेल.

आपाच्या कामात खोट काढणं कठीण. "तिचा माउस उसना घ्या रे, थोडी अक्कल येईल!" असं आमचे पर्यवेक्षक तोफायेलभाई इतरांना टोचून म्हणायचे. मी फुशारून जायचो.

पण या कामाची एक वाईट खोड आहे. कड नीट दिसावी म्हणून फोटो तिप्पट-चौपट मोठा करून बसायचं असतं. अशा वेळी पडद्यावर फक्त कड असते. आख्खी वस्तू दिसत नाही, मग माणूस कुठला दिसायला!

एक दिवस इकरामुलच्या बांगड्या आल्या. तो फेसबुकवर बांगड्या विकायचा. बायकोच्या, रेहनुमाच्या, हातात भरायच्या आणि फोटो काढायचा. चेहरा कधीच नसे, कोपरापासून खालचा हात तेवढा. सोबत सूचना असे, "मागचं पांढरं करा, हात साफ करा."

पहिल्या महिन्यात एक निळा डाग होता, तो आम्ही पुसला. मग गोल, भाजल्यासारखा डाग आला. "तेल उडालं असेल, मला नाही का परवा उडालं," आपा शेजारणीला म्हणाली आणि तोही पुसला. पुढे करंगळी वाकडी झालेली दिसली. ती आम्ही सरळ केली. इकरामुलनं अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं.

सहाव्या महिन्यात ईद तोंडावर आली होती. लाल बांगड्यांचे बारा फोटो आले. मनगटाच्या वर मोठा काळपट डाग. डाग पुसायचा तर आधी त्याच्याभोवती रेघ काढावी लागते. आपा काढू लागली. एक लांबट शेंग, तिला लागून दुसरी, तिसरी, चौथी आणि पलीकडे एक जाडसर. रेघ मिटली आणि पडद्यावर पंजा उमटला. पुरुषाचा पंजा.

 आपानं फोटो लहान केला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही आख्खा फोटो पाहिला. मागे पलंग होता. पलंगाखाली दोनेक वर्षांचं लेकरू पोटावर पडलं होतं, दोन्ही हातांनी कान दाबून.

आपाची लेक तूबा तेवढीच होती.

"तोफायेलभाई, हा डाग मी पुसणार नाही."

"का गं? लाल रंग झेपत नाही?"

"बोटांचे वळ आहेत हे. मारतो तो तिला."

"मग आपण काय काजी लागून गेलो? नवरा-बायकोचं त्यांच्या घरात. ईदचा माल आहे, पूस मुकाट्यानं."

"आधीचे मूळ फोटो तरी द्या मला."

"कुठून देऊ? सात दिवसांनी उडवतो आपण, माहीत नाही तुला? डोकं खाऊ नकोस, हात चालव!" त्यांनी मला उचलून टेबलावर आपटलं. पहिला तडा तेव्हाच गेला.

आपानं हात चालवला, पण कापलं काहीच नाही. बाराही फोटो जसेच्या तसे 'तयार' असं नाव देऊन धाडले. इकरामुलनं उघडूनही पाहिले नाहीत. आपाचं काम कोण तपासतो? त्यानं ते थेट दुकानाच्या पानावर चढवले.

तासाभरात बायका लिहू लागल्या. "बांगडी राहू दे भाऊ, त्या हाताला काय झालंय?" "पलंगाखाली पोर कशाला लपलंय?" तिकडे गाझीपूरला रेहनुमाच्या भावानं, शाहीननं, पलंग ओळखला. लग्नात त्यानंच दिलेला. तो तसाच निघाला. पण इकरामुल आधी घरी पोचला होता. त्यानं काठीनं तिचा तोच हात मोडला, दोन जागी. तो बाहेरून कुलूप लावून निघून गेल्यावर शाहीन पोचला, त्यानं दार फोडलं, बहिणीला बाहेर काढलं, भाच्याला पलंगाखालून ओढलं. लेकराचे हात कानांवरून सुटत नव्हते.

शाहीननं पानावरच हे सगळं लिहिलं. ते वाचून आपानं मला बाजूला सारलं. "माझ्यामुळे मोडला गं तिचा हात," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत इकरामुल लोखंडी गज घेऊन आमच्या खोलीत शिरला.

"कुठंय ती हरामखोर? माझं घर उठवलंस!"

पहिला घाव पडद्यावर बसला. दुसरा आपावर यायचा, पण तोफायेलभाई मध्ये पडले. "अहो भाई, ऐका तरी..." गज त्यांच्या कपाळावर बसला. रक्त कीबोर्डच्या फटींत उतरलं. मी खाली पडलो आणि त्याची टाच माझ्या पाठीवर कचकन आली. अखेर दहा जणांनी त्याला लोळवला, लाथांनी तुडवला. पोलीस आले म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी आपानं मला पट्टी बांधली आणि लॅपटॉपबरोबर ठाण्यावर नेलं. रेहनुमा प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन बसली होती. इकरामुल शांत होता.

"साहेब, काल आणि त्या ईदच्या फोटोंआधी एकदा डोकं फिरलं, कबूल. पण रोज मारतो हे खोटं. आधीच्या पाच महिन्यांचे फोटो बघा, एक ओरखडा दाखवा."

दारोगा सोबहान यांनी त्याच्या मोबाइलवर एकेक फोटो पाहिला. पांढऱ्यावर गोरापान हात. एकही डाग नाही. मित्रांनो, तो त्याचा साक्षीदार मीच घडवला होता.

"बाई, हात तर स्वच्छ दिसतोय."

"मी स्वच्छ केलाय तो."

"पुरावा?"

मूळ फोटो कधीच उडवले होते, पुरावा नव्हता. आपानं लॅपटॉप उघडला. मग म्हणाली, "साहेब, तुमचा उजवा हात टेबलावर ठेवा."

त्यांच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत जुन्या जखमेचा दोरीसारखा व्रण होता. आपानं मोबाइलनं फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला. माझं बटण तीनदा दाबलं की एकदा लागत होतं. तरी मी रेघ मिटवली. शेजारची कातडी व्रणावर पसरली. साहेबांचा चहा निवायच्या आत काम झालं. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

सोबहान साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. दुसऱ्या हातानं व्रण चाचपून पाहिला.

"या जखमेनं मी चौदा दिवस दवाखान्यात होतो," ते हळूच म्हणाले. त्यांनी कोरा कागद ओढला. "बेटी रेहनुमा, पहिल्या दिवसापासून सांग. आणि तुम्हीही बसा आपा, काय काय पुसलंत तेही लिहायचंय."

लिहायला तीन तास लागले. ती एकेक मार सांगत गेली आणि तो कुठल्या बांगड्यांच्या वेळचा, हे आपा सांगत गेली. मान वर न करता.

मित्रांनो, मला जपून वापरा, आपटू नका, असं मी म्हणायला हवं. ते तर आहेच. पण कुणी तुम्हाला काही साफ करायला सांगितलं, तर आधी जरा मागे सरून आख्खं चित्र बघा. त्यात कुणी कान दाबून बसलं असेल, तर हात तिथेच थांबवा. एकदा पुसलेलं मला परत आणता येत नाही.