माहितीदाता क्रमांक एक

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकच गाणं रचलं. अठरा सेकंदांचं. आमच्या गावात ते ज्याला पाठ नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही.

दार उघड, आत ये, बूट नको काढू,
चिखलाचा ठसा राहो, त्याला नको झाडू;
थकून आल्या पावलाला मऊ काही हवं,
होलकॉम्बच्या गालिच्यानं घर वाटे नवं.

होलकॉम्ब कार्पेटचं दुकान बंद पडून अकरा वर्षं झाली. त्या जागी आता चष्मे मिळतात. गाणं मात्र गेलं नाही. मक्याच्या शेतांवरून वारा येतो तसं ते येतं, कुठल्या दिशेनं ते कळत नाही. शाळेच्या पटांगणात दोरीवरच्या उड्या मारताना मुली म्हणतात, ‘दार उघड, आत ये, कुत्रा घेऊन ये, त्यानं केलं ओलं तर आईला सांगू नये.’ ज्यांनी हे दुकान पाहिलंही नाही, त्या मुली.

मी विद्यापीठात अमेरिकन लोकप्रिय संस्कृती शिकते. प्रबंधाचा विषय आहे, दुकानं गेली तरी न गेलेली जाहिरातींची गाणी. नाताळच्या जेवणाला आत्या विचारते, “म्हणजे टीव्ही बघायची डिग्री का गं, कोरीन?” आणि बटाट्यावर लोणी पसरत डॅड म्हणतो, “आणि तीसुद्धा पाच वर्षांत संपत नाही.”

पण गावाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. जाहिरातीत गालिच्यावर लोळून गाणं म्हणायचे ते मालक, रसेल होलकॉम्ब. लोक समजले, रचलंही त्यांनीच. होलकॉम्ब वारले तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलं, ‘आपल्या लाडक्या गाण्याचे कवी गेले.’ चर्चमध्ये सगळ्यांनी उभं राहून ते गायलं. शाळेचा बँड एकतीस वर्षं शिकवलेला माझा बाप, व्हर्न डसेल, तिसऱ्या बाकापाशी उभा होता. त्यानंही गायलं. घरी येऊन त्यानं कोट खुंटीला लावला आणि आईला एवढंच म्हणाला, “दुसरी ओळ सगळे वरच्या सुरात घेतात.”

आई होती तोवर माझ्याशिवाय ते जाणणारी दोन माणसं होती. आई गेली, मग एकच उरला. आणि तो मला मुलाखत देईना.

“लिहून काय करणार?”

“डॅड, तुझं नाव लागेल.”

“माझं नाव दारातल्या टपालाच्या पेटीवर लागलंय.”

सात महिने हे चाललं. मार्चमधल्या एका शनिवारी, काहीच कारण नसताना, तो फोनवर म्हणाला, “ये. कॉफी आहे. ते यंत्र घेऊन ये तुझं.” इस्त्री केलेला शर्ट घालून तो स्वयंपाकघरात बसला होता. त्या शर्टाकडे बघून मला कळलं, इतके महिने ज्याला तो ‘काय करणार’ म्हणत होता, ते त्याला किती हवं होतं.

मी रेकॉर्डर ठेवला. आणि नियमाप्रमाणे, आधी संमतीपत्र ठेवलं. जिवंत माणसाला प्रश्न विचारायचे तर विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि माणसाची सही. बापही त्यांच्या लेखी माणूसच.

चष्मा लावून तो सावकाश वाचू लागला. मला पुढचं ठाऊक होतं, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

“‘सहभागी व्यक्तीचे नाव गोपनीय राहील,’” त्यानं मोठ्यानं वाचलं. “‘तिचा उल्लेख माहितीदाता क्रमांक एक असा होईल.’ हा कोण?”

“तू.”

“दोन नंबर कोण आहे?”

“कुणी नाही. एकटा तूच आहेस.”

“मग नंबर कशाला?”

त्यानं चष्मा काढला, कागदाची घडी घातली, मग अर्धी, मग आणखी अर्धी. “पंचेचाळीस वर्षं गाणं दुसऱ्याच्या नावावर होतं, तरी तो दुसरा निदान माणूस होता,” तो म्हणाला. “आता नंबराच्या नावावर करतेस. कॉफी घे, गार होतेय.”

सोमवारी मी ऑड्रा पेल यांच्या खोलीत. त्या माझ्या मार्गदर्शक. भिंतीवर जुन्या डबाबंद सूपाच्या जाहिराती, टेबलावर खरंखुरं सूप, तेही डब्यातलंच.

“नाव छापायची वेगळी परवानगी मिळते,” त्या म्हणाल्या. “समितीला सहा आठवडे लागतात.”

“प्रकरण पुढच्या शुक्रवारी द्यायचंय.”

“ते मीच ठरवलंय, कोरीन, मला माहीत आहे. आणि दुसरी अडचण ऐक. छापील पुरावा म्हणतो होलकॉम्ब. तू म्हणतेस तुझे वडील. तू कोण? त्यांची मुलगी. समितीपुढे हे कसं दिसेल?”

“मग मी काय लिहू?”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “‘हे गाणं होलकॉम्ब यांनी रचल्याचं मानलं जातं. माहितीदाता क्रमांक एकला हे मान्य नाही.’”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“कुठे काही लिहिलेलं असेल तर बघ,” त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. “करार, चिठ्ठी, पावती, काहीही. लिहिलेला कागद म्हणजे माणूस नव्हे. त्याला संमतीपत्र लागत नाही. त्यात नाव असलं तर ते छापता येतं.”

पाच वर्षं शिकून मी इथवर पोचले होते, की माझा बाप माणूस असल्यामुळेच त्याचं नाव घेता येत नव्हतं.

शनिवारी मी पुन्हा घरी गेले. पॅसेजमधली कपाटं उपसली, आईच्या बुटांच्या खोक्यांतून वाढदिवसाची कार्डं निघाली, माझे दुधाचे दात निघाले, होलकॉम्बचं अक्षर निघालं नाही. डॅड दारात उभा राहून बघत होता.

“करार नव्हता,” तो म्हणाला. “तो बँडच्या खोलीत आला, म्हणाला, व्हर्न, दोन-चार ओळी दे. मी जेवणाच्या सुट्टीत दिल्या.”

“आणि त्यानं काय दिलं?”

“तू ज्यावर उभी आहेस ते.”

मी खाली पाहिलं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पॅसेजमधला तो नारिंगी गालिचा. त्यावर मी रांगले, त्यावर पडून पहिलं पुस्तक वाचलं, आणि दरवर्षी आईला म्हटलं, हे ध्यान काढून टाक. आई म्हणायची, “ते नाही निघायचं.” मला वाटायचं, खिळे घट्ट आहेत म्हणून.

“बसवायला कोण आलं होतं?”

“होलकॉम्बचा माणूस. लेस्टर.”

“गालिचे बसवणारे मागच्या बाजूला लिहितात ना? कुणाचं घर, किती फूट?”

माझ्याकडे त्यानं असं पाहिलं, जणू बँडमध्ये कुणी बऱ्याच दिवसांनी बरोबर सूर लावला होता. मग चिडून म्हणाला, “तुझ्या डिग्रीसाठी माझा पॅसेज उखडू?”

“नको तर राहू दे.”

“पक्कड गॅरेजात आहे. डाव्या खणात. उजव्यात बघू नकोस, त्यात काही मिळत नाही.”

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. भिंतीच्या कडेला लाकडी पट्टीतल्या खिळ्यांनी गालिचा धरून ठेवला होता, पंचेचाळीस वर्षं, सोडायचं नावच नाही. डॅड कुरकुरत होता: पाठ, गुडघे, विद्यापीठ, लेस्टर. मी ओढत होते. धूळ उडाली, खाली गेलेली एक बाहुलीची चप्पल सापडली, आणि फाटल्यासारखा आवाज करत पहिलं टोक उठलं. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. तिसरं त्यानं एकट्यानं उचललं, कारण मी तोवर भिंतीला टेकून बसले होते.

तागाच्या पाठीवर काळ्या मार्करनं, मोठ्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं:

‘डसेल. पॅसेज. १४ फूट. याने गाणं लिहिलं. बिल करू नये. र. हो.’

डॅडनं ते वाचलं. ‘याने’वरून बोट फिरवलं, शाई अजून ओली असल्यासारखं जपून. बाहेर शेजारच्यांचं गवत कापायचं यंत्र चालू झालं, बंद पडलं, पुन्हा चालू झालं.

“चौदा नव्हे,” तो शेवटी म्हणाला. “साडेतेरा आहे.”

फोटो मिळाल्यावर ऑड्रांचं उत्तर तासाभरात आलं. पुरावा चालेल. मात्र गालिचा संदर्भसूचीत कसा नोंदवायचा, याचा नियम नियमावलीत नाही, त्या विचारून सांगतील. ग्रंथालयाच्या संग्रहालाही तो हवा होता. पण त्यांच्या पत्रात लिहिलं होतं, की बाहेरची लोकर आधी दोन आठवडे गोठवून ठेवावी लागते, किडे मरावेत म्हणून, आणि चौदा फुटांचा गालिचा मावेल असं शीतकपाट त्यांच्याकडे नाही. लिहिलेला तेवढा तुकडा कापून देता येईल का?

“कापायचा नाही,” डॅड म्हणाला. “आणि तोवर मी उघड्या फळ्यांवर चालू?”

गुरुवारी मी छापलेलं प्रकरण घेऊन त्याच्याकडे गेले. गालिचा पुन्हा जागेवर होता. तिसरं टोक तेवढं त्यानं खिळ्यांत अडकवलं नव्हतं, नुसतं पसरून ठेवलं होतं. चौथ्या पानावर मी बोट ठेवलं.

‘डसेल, व्हर्न. होलकॉम्ब कार्पेटचे गाणे. १८ सेकंद.’

त्यानं ते एकदा वाचलं. पान डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचलं. मग शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, तीच लाल, जिनं त्यानं एकतीस वर्षं पोरांच्या चुका दाखवल्या.

“सतरा,” तो म्हणाला, आणि खोडून लिहू लागला. “होलकॉम्ब शेवटची ओळ ताणायचा.”

“डॅड, मला हे उद्या द्यायचंय.”

“मग आज दुरुस्त कर.”

मी संगणक उघडला.