सिंबाच्या पाठीवरची गोम

भाईकाका नैरोबीहून कायमचे परत येणार म्हटल्यावर गावाला वाटलं, बरोबर टेपरेकॉर्डर येईल, निदान भारी घोंगड्या तरी. आला तो कुत्रा. तांबूस, वासराएवढा, आणि पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत केसांची एक पट्टी. अंगावरचे बाकीचे केस शेपटीकडे वळलेले, ह्या पट्टीचे मात्र डोक्याकडे. कुणी ओल्या हाताने उलटं कुरवाळावं आणि ते तसंच वाळून जावं, तशी.

भाईकाका माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. तिकडे चहाच्या कंपनीत कारकून होते. बायको तिकडेच वारली, मूलबाळ नाही. त्यांचा साहेब विलायतेला परत जाताना कुत्र्याचं पिल्लू ह्यांच्या ओटीत टाकून गेला. त्याचं नाव सिंबा, म्हणजे तिकडच्या भाषेत सिंह. मिठबावला त्यांचं घर आणि आमचं घर ह्यांच्यामध्ये फक्त कमरेएवढा गडगा आहे. त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, काय चाललंय ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, आणि मला पाहत राहायची सवय आहे.

संध्याकाळी त्यांच्याकडे माणसं जमायची. भाईकाका सांगायचे, आफ्रिकेतल्या कुत्र्यांच्या जाती तशा थोड्या, पण एकेक बघून घ्यावी. काँगोकडचा एक भुंकतच नाही, देवळात गाऱ्हाणं घालावं तसा सूर काढतो. वाळवंटाकडचा एक, नुसत्या बरगड्या आणि पाय, हरणाला दमवणारा. आणि हा दक्षिणेकडचा, सिंहाला अडवून धरणारा.

"मारूक नाय हां," ते म्हणायचे. "अडवूक. मारतलो तो बंदूकवालो." मग सिंबाच्या पाठीवरून हात फिरवून सांगायचे की ही पट्टीच त्याच्या जातीची खूण, ज्या पिल्लाला ती नसते त्याला तिकडे कुणी विचारत नाही.

एका संध्याकाळी बाबली आला. आमच्याकडे बैल घ्यायचा तर आधी बाबलीला नेतात. तो दात नंतर बघतो. आधी डोळे मिटून जनावराच्या अंगावरून तळहात फिरवतो, केसांचा भोवरा कुठे आहे, गोम, म्हणजे उलट्या केसांची रेघ, कुठल्या दिशेला वळली आहे ते चाचपतो. त्याने नाही म्हटलं की सौदा मोडतो, पुढे कोणी विचारत नाही. त्याने सिंबाच्या पाठीवरून तसाच हात फिरवला आणि मग तो हात पंच्याला पुसला.

"भाई, ही गोम तोंडाकडे वळलेली. असलो बैल कोणी फुकट दिलो तरी मी दावणीक बांधूचंय नाय. ही घरातला लहान पोर मागता."

भाईकाका हसले. आपल्या घरात लहान कोण आहे, असं त्यांनी विचारलं.

"तुझ्या घरात नाय," बाबली म्हणाला, आणि त्याने गडग्यापलीकडे पाहिलं. माझ्या कडेवर आमची लेक सावी होती.

मी तेव्हा गप्प बसले नाही. कोल्हापूरला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई मी. गालावरची खळी आईकडून लेकीकडे येते तशीच ही पट्टी, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. तिकडे ज्याला मान आहे ते इथे अशुभ कसं होईल, असंही वर विचारलं. माणसं हसली. बाबलीसुद्धा हसला, म्हणाला, शिकलेली सून, बरां आसा. भाईकाकांचा चेहरा मात्र असा फुलला होता की जणू मी त्यांच्या मुलाची बाजू घेतली.

सावी चालायला शिकली ती सिंबाचा कान धरून. तो एकेक पाऊल टाकायचा आणि ती पडली की थांबून राहायचा.

होळी झाली आणि सावीला ताप आला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. देवगडच्या डॉक्टरांनी औषध दिलं, उतार पडेना म्हणून रक्त तपासायला घेतलं. माझे यजमान, भाईकाकांचा सदा, हायस्कुलात शास्त्र शिकवतात. ते म्हणाले, रिपोर्ट येऊ दे, तोवर घाबरण्यात अर्थ नाही. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "तू शिकलेला गो. तुका समाजता."

त्या कुत्र्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. काढला असता तर मला भांडता आलं असतं.

मी खिडकीशी उभी राहून त्या पट्टीकडे बघायला लागले. एकदा भाईकाका बाजारात गेलेले पाहून गडगा ओलांडून गेले आणि हाताला पाणी लावून ते केस मागे चपटे बसवले. सिंबा शेपटी हलवत उभा राहिला. हात काढला, आणि केस हळूहळू पुन्हा डोक्याकडे उठले. कुणी पाहिलं नाही ना म्हणून मी आजूबाजूला बघितलं.

दुसऱ्या दिवशी भाईकाकांकडे गेले. त्यांच्याशी मी नेहमी मालवणी बोलते, लग्नानंतर शिकलेली, मोडकीतोडकी. त्यांना तिची गंमत वाटते. त्या दिवशी तोंडातून पुस्तकी मराठी आली. "काका, डॉक्टर म्हणाले, सावीला केसांची अॅलर्जी असू शकते. प्राण्यांच्या केसांची. सिंबाला थोडे दिवस लांब ठेवलं तर बरं."

डॉक्टरांनी असं काहीच म्हटलं नव्हतं. गोम म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. भाईकाकांनी एकही प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांचं नाव निघाल्यावर उठून उभे राहिले, जसे ऑफिसात साहेबापुढे राहत असतील, आणि सिंबाला मागच्या माडाला बांधून आले. दिवसभर त्याच्या साखळीचा आवाज येत राहिला.

रिपोर्टात हिवताप निघाला. गोळ्या बदलल्या आणि सावीचा ताप गेला. मला भाईकाकांना जाऊन सांगायला हवं होतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं. भाईकाकांनी त्यांच्या परीने हिशेब लावला होता: कुत्रा लांब गेला, पोरीला आराम पडला. गडग्यावरून रोज विचारायचे, "आसा मां बरी?" मी मान हलवायचे.

एका रविवारी बाबली आमच्या खळ्यात होता. अक्कांना पाडा विकायचा होता, तो पाड्याच्या पाठीवर हात फिरवत होता. यजमान पडवीत पेपर तपासत बसले होते. सावी माझ्या पायाशी खेळत होती. बेड्यातून, म्हणजे गडग्याच्या फाटकातून, भाईकाका आत आले, आणि त्यांच्याबरोबर एक जनावर.

मी क्षणभर ओळखलंच नाही. सिंबाच्या अंगावर केस नव्हता. मानेपासून शेपटीपर्यंत तासलेला, गुलाबी-करडा, दोनचार ठिकाणी कापलेलं आणि त्यावर तुरटी फिरवलेली. कातडी उन्हाने लाल होत होती. तो मान खाली घालून उभा होता, आणि भाईकाकांच्या बोटांना दाढीचा साबण सुकून चिकटलेला होता.

बाबली आधी हसला. इतका हसला की पाड्याचं दावं हातातून सुटलं. "शेवटी तासलंस मां गोम? आफ्रिकेचो भाई! माका आधी विचारलं असतंस तर गोम तासान जाणा नाय म्हणान सांगलंय असता."

"गोम नाय रे," भाईकाका शांतपणे म्हणाले. "तुझी गोम ऱ्हव दे तुझ्याकडे. डॉक्टरान सांगल्यान. सदाच्या चेडवाक केसांची बाधा होता. आता केसच नाय, तर पोरगी खेळांदे बापडी."

यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं. देवगडला ते माझ्याबरोबर आले होते. अक्कांनीही माझ्याकडे पाहिलं.  मी मान हलवली असती तर तेवढ्यावर निभावलं असतं. बाबली घरी गेला असता, यजमानांनी मला आत विचारलं असतं, आणि भाईकाका दर महिन्याला वस्तरा घेऊन बसले असते.

"काका, डॉक्टर तसं बोलले नव्हते," मी म्हटलं. "माका गोमेची भीती वाटली."

कुणी हसलं नाही. बाबलीने खाली वाकून दावं उचललं आणि पाड्याच्या मानेत पुन्हा नीट घालत बसला, खरं तर ते नीटच होतं. जिंकलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता.

भाईकाकांनी सिंबाच्या तासलेल्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "गोम म्हटलंस असता तर हसान सोडून दिलंय असता. तू डॉक्टर म्हटलंस, म्हणान वस्तरो घेतलंय."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून सिंबाच्या पाठीवर टाकला. सावी तोवर उठून तुरुतुरु चालत गेली होती. तिने पंचा ओढला, तासलेली पाठ बघितली, आणि तोंड वाकडं करून मागे सरली. तिला तो कोण आहे ते कळेना. मग सिंबाने कान खाली आणला. कान तिने ओळखला.

तेव्हापासून दुपारी मी खोबरेल तेलाची वाटी घेऊन गडगा ओलांडते आणि सिंबाच्या पाठीला तेल लावते. भाईकाका नको म्हणत नाहीत. ते आत रेडिओ लावून बसतात. संध्याकाळची माणसं त्यांच्याकडे अजून येतात, पण आफ्रिकेच्या गोष्टी आता निघत नाहीत. एकदा कुणीतरी त्या न भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल विचारलं, तर भाईकाका म्हणाले, असेल, मी काही पाहिला नाही.

मला ते "काय गो" म्हणायचे. आता "काय, बऱ्या आसात?" असं विचारतात.

कालपासून पाठीवर लव आली आहे. तेल लावताना तळव्याला आधी कळतं, मग डोळ्यांना. सगळी लव शेपटीकडे जाते, मधली पट्टी डोक्याकडे. जशीच्या तशी. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. तेवढ्यात सावीला शिंक आली, आणि माझा तेलकट हात आपसूक तिच्या कपाळावर गेला. कपाळ थंड होतं.

मान वर केली तर भाईकाका दारात उभे होते. त्यांनी माझा हात कुठे आहे ते पाहिलं, आणि आत गेले.